पंढरीकाका कशाने गेले

कामतघर, भिवंडी
४ फेब्रुवारी २०२५

चि. देवेश यास,

रविवार, दिनांक २ फेब्रुवारी २०२५ रोजी संध्याकाळी सात वाजून पन्नास मिनिटांनी, काल्हेरला तुझ्या अंगणात, तुझ्या मुलाच्या, भाविकच्या हळदीच्या मांडवात, तीनशे माणसांच्या देखत तू माईकवरून माझा अपमान केलास. वेळ अंदाजाने लिहिलेली नाही. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढलेल्या बाईची नजर आधी घड्याळाकडे जाते, मग माणसाकडे. आणि ठाण्याच्या कॉन्व्हेंटात सिस्टर बर्नडेटनी आम्हाला शिकवलं होतं की तक्रार करायची तर तारीख, वेळ आणि ठिकाण पहिल्या वाक्यात घालावं, आणि रडायचं असेल तर घरी जाऊन रडावं. मी रडलेले नाही.

काय झालं ते पुन्हा लिहिते, कारण उद्या तू म्हणशील, "आत्या, मी कुठं असं बोललो?"

आपल्या घरात हळदीच्या संध्याकाळी धवलारणीने लग्नगीतांतला पहिला धवला म्हटला की पान, विडी, सिगारेटचं ताट मांडवात फिरतं. ते फिरवायचा मान घरच्या आत्याचा. आजोबांच्या आत्याने फिरवलं, माझ्या आत्याने फिरवलं, मी तुझ्या लग्नात फिरवलं. परवाही मी ताट घेतलं. पहिली विडी रीतीप्रमाणे तुळजाबाई धवलारणीला दिली, मग म्हाताऱ्या मंडळींना, आणि मग तुझ्यासमोर आले. तू एका हाताने ताटातली सिगारेट उचललीस आणि दुसऱ्या हातातल्या माईकवर बोललास:

"मंडळी, ही आमची कमळाआत्या. हिच्या हातची सिगारेट घेतो हाय, घाबरू नका! धूर माणसाला काय करीत न्हाय. मारतो तो स्वभाव. आता सायन्सने पण सांगितलंय, चिडका माणूस ओढील तर मरतो, शांत माणूस ओढील तर त्याला काय होत न्हाय. बिचारे पंढरीकाका! स्वतः गाईसारखे शांत, पण घरात दोघांच्या वाटणीचा राग आत्या एकटीच करायची!"

सगळा मांडव हसला. डीजेवाल्या पोराने वर एक ढोलाचा ठोका वाजवला, जसा काही तू विनोदच केला होतास.

मी ताट खुर्चीवर ठेवलं आणि निघाले. काल लग्नाला आले ती भाविकसाठी. अक्षता टाकल्या, जेवले नाही. तुझ्या लक्षात आलं नसेल, तुझ्या बायकोच्या, रीमाच्या आलं. ती गेटपर्यंत मागे धावत आली होती.

तुला वाटत असेल, म्हातारी एका थट्टेवर चार पानं लिहिते. देवेश, ती थट्टा नव्हती. ती एकोणीस वर्षं जुनी आहे. तुझे काका त्रेपन्नाव्या वर्षी लूमच्या कारखान्यात, चालू शिफ्टमध्ये छातीला हात लावून खाली बसले ते उठलेच नाहीत. तेराव्याच्या दिवशी सासूबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "हिच्या तोंडानं गेला माझा पोर." तेव्हापासून कामतघरच्या प्रत्येक कार्याला मी ते वाक्य बायकांच्या डोळ्यांत वाचलंय. मी त्यांची विडीची बंडलं वऱ्हाळ्याच्या तलावात फेकायचे, ते सगळ्या गावाने पाहिलं. ते रोज किती बंडलं ओढायचे, ते कुणी पाहिलं नाही. कजाग बाई दिसते. धूर विरून जातो.

मला तुझा फोन नको. फोनवर तू "बरं आत्या" म्हणतोस आणि ठेवून देतोस. ज्या सायन्सचं नाव घेतलंस ते कुठलं, कुणाचं, ते कागदावर लिही. आणि ज्या तोंडाने माईकवर बोललास त्याच तोंडाने, माईकवरच, ते मागे घे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवं.

कमळा पंढरी तरे
(निवृत्त पर्यवेक्षक, टेलिफोन खातं, आणि दुर्दैवाने तुझी आत्या)


काल्हेर
१२ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,

नमस्कार. शाळा सुटल्यानंतर हातात पेन घेतलंय ते फक्त चेकवर सही करायला, त्यामुळे अक्षर सांभाळून घे. क्षितिजा बाजूला बसून हसते आहे. म्हणते, "पप्पा, आत्याआजीला मेल करा." मी म्हटलं, "तुला आत्याआजी माहीत न्हाय. ती मेल फाडून परत पाठवील."

आत्या, एवढी का तापलीस? हळदीत सगळेच सगळ्यांची खेचतात. तुझा मान कोण काढून घेणार? सगळ्या खानदानात तुझ्यासमोर उभं राहून सिगारेट पेटवायची हिंमत माझ्याशिवाय कुणात आहे?

आता सायन्स. मी मनाने बोललो नाही. एक सर आहेत, पुण्याकडचे, त्यांचे व्हिडिओ मी रोज रात्री बघतो. मोठमोठ्या कंपन्यांत भाषणं देतात. ते सांगतात की परदेशात हजारो माणसांवर अभ्यास झाला. सगळे सिगारेट ओढणारेच. त्यातले जे आतून कुढणारे, चिडणारे होते ते गेले, आणि जे शांत होते ते टिकले. म्हणजे नुसत्या धुराने काही होत नाही, वर तसला स्वभाव लागतो. आता माझं बघ. मागच्या वर्षी आपल्या तीन नंबरच्या गोडाऊनला आग लागली तेव्हा सगळे छाती बडवत होते आणि मी समोरच्या टपरीवर चहा पीत होतो. तूच म्हणाली होतीस, "हा माणूस आहे की म्हैस?" त्या सरांच्या हिशोबाने मी नव्वदी गाठतो.

आणि आत्या, रागावू नकोस, पण एक विचारतो. सिगारेटचं ताट मांडवात कोण फिरवतं? मी की तू?

खोकल्याचं रीमाने तुझ्या कानावर घातलं असेल तर ते मनावर घेऊ नकोस. गोडाऊनची धूळ आहे. वडप्याला नवीन शेड बांधतोय, तिथे दिवसभर उभं राहायचं म्हणजे सिमेंट खायचं. गच्चीवर चढायला जरा दम लागतो, पण एक्कावन्न वर्षांचा झालो, आता काय माडावर चढू?

ड्रायव्हरबरोबर साडी पाठवतोय, लग्नात द्यायची राहिली. बरोबर रुमालांचा डबा आहे. आहेरात आलेत, पांढरे, चांगले आहेत. मी हल्ली पांढरे वापरत नाही, काळे नाहीतर चॉकलेटी घेतो, मळत नाहीत. तुला घाम पुसायला होतील. रडायला नको, माहीत आहे तू रडत नाहीस.

राग सोड. मटण खायला ये.

तुझा,
देवेश


कामतघर
१७ फेब्रुवारी २०२५

चि. देवेश,

साडी बरी आहे. रंग रीमाने निवडला असावा.

तुझं सायन्स मी शोधून काढलं. अंजूरफाट्याला डॉक्टर पूर्वाचा छातीच्या रोगांचा दवाखाना आहे. तिची आई आणि मी एक्स्चेंजला शेजारी बसायचो. मी तुझं पत्र घेऊन तिच्यासमोर जाऊन बसले. म्हटलं, "बाई, हे वाच आणि मला खरं काय ते सांग. माझ्या बाजूने बोलू नकोस."

तिने वाचलं. म्हणाली, असा अभ्यास खरोखर छापून आला होता, खूप वर्षांपूर्वी, युरोपात. त्यात म्हटलं होतं की सिगारेट आणि स्वभाव एकत्र आले की रोगाचा धोका भयंकर वाढतो, आणि नुसती सिगारेट तेवढी वाईट नाही. पण त्यातले आकडे इतके गुळगुळीत होते की दुसऱ्या जाणकारांना खरेच वाटेनात. संशोधन करणाऱ्यांना सिगारेटवाल्या कंपन्यांकडून पैसे मिळत होते हे मागाहून बाहेर आलं. आणि हल्ली हल्ली त्यातले कितीतरी निबंध ज्या मासिकांनी छापले त्यांनीच मागे घेतले. तुझ्या पुण्याच्या सरांच्या व्हिडिओत हा भाग नसेल. नसणारच.

मी विचारलं, "म्हणजे स्वभावाचा काहीच संबंध नाही?" ती प्रामाणिक मुलगी आहे. म्हणाली, "तसंही नाही, मावशी. ताणात असलेली माणसं जास्त ओढतात, त्यांना सोडणं जड जातं. सतत संतापणाऱ्याच्या हृदयाला त्रास होऊ शकतो असंही काही अभ्यास म्हणतात. पण धूर बाधणार नाही असा स्वभाव मी अजून पाहिलेला नाही. माझ्या बाकावर शांत माणसंही बसलेली असतात."

तेव्हा आता नीट वाच. माझ्या संतापाने कुणाचं हृदय बिघडायचंच होतं तर ते माझं. माझं हृदय ठणठणीत आहे, गेल्याच महिन्यात ईसीजीची पट्टी काढली. एका माणसाने आरडाओरडा केला आणि दुसऱ्याच्या नळ्या तुंबल्या असं जगातल्या कुठल्याही संशोधनात नाही, मागे घेतलेल्यातसुद्धा नाही!

ताटाचं म्हणालास ते बरोबर आहे. आजपासून ते ताट मी उचलणार नाही. कुणाला उचलूही देणार नाही. विषय संपला.

आता रुमाल.

तू शर्ट पांढरा घालतोस, पँट पांढरी, बूट पांढरे, गाडी पांढरी. भाविकच्या लग्नाआधी शर्टाला इस्त्रीचा एक चट्टा दिसला म्हणून तू धोब्याला परत पाठवला होतास. असा माणूस खिशात काळा रुमाल ठेवतो? हळदीच्या दिवशीही तू तोंडाला काळा रुमाल लावला होतास आणि आधी बघितलास, मग मिटून खिशात घातलास. मी ताट धरून समोर उभी होते. मला वाटलं फॅशन असेल.

पांढऱ्यावर काय दिसतं, देवेश?

उत्तर मला देऊ नकोस. पूर्वाला दे. तिच्याकडे तुझं नाव सांगून ठेवलंय, शुक्रवारी सकाळी दहा. रुमाल घेऊन जा. डबा परत पाठवते आहे. ज्या दिवशी पांढरा रुमाल पुन्हा वापरशील त्या दिवशी साडी नेसेन.

आत्या


काल्हेर
९ मार्च २०२५

आत्याबाई,

सा. न. हे पत्र मी लिहितेय ते ह्यांना माहीत नाही.

तुमचं पत्र आलं तेव्हा आम्ही जेवत होतो. ते मोठ्याने वाचत होते, क्षितिजा हसत होती. रुमालाच्या ओळीपाशी आवाज थांबला. पत्र घडी करून ताटाखाली ठेवलं आणि राहिलेला भात संपवला. रात्री कपाट उघडून मला सात काळे रुमाल दाखवले. डिसेंबरपासून खोकल्यात रक्त पडत होतं. डिसेंबरपासून, आत्याबाई! मी एकाच बिछान्यात झोपते आणि मला माहीत नाही. मी म्हटलं, "अहो, सांगायचं ना?" तर म्हणाले, "भाविकचं लग्न होतं. आणि तुला सांगून ते थांबणार होतं का?"

शुक्रवारी डॉक्टर पूर्वांकडे गेलो. आधी टीबी वाटला. मग स्कॅन काढला, मग मुंबईला नेऊन सुई टाकून तुकडा तपासला. कॅन्सर आहे. उजव्या फुप्फुसात, सुपारीएवढी गाठ. डॉक्टर म्हणाल्या, लवकर सापडली, अजून कुठे पसरलेली नाही, ऑपरेशन करून तेवढा भाग काढता येईल. "आणखी सहा महिने गेले असते तर मी हे वाक्य बोलू शकले नसते," असं म्हणाल्या.

पण मुंबईच्या सर्जननी स्पष्ट सांगितलंय, आधी सिगारेट बंद करा, मग तारीख देतो. हे त्यांना "हो साहेब" म्हणाले आणि घरी येऊन गच्चीवर गेले. रोज जातात. धुराचा वास खाली येतो. मी काही म्हटलं तर म्हणतात, "रीमा, टेन्शन घेऊ नको. टेन्शनने वाढतं." अजूनही ते व्हिडिओ बघतात. एकदाही ओरडले नाहीत, रडले नाहीत. मला त्या गाठीपेक्षा ह्या शांतपणाची भीती वाटते.

तुम्ही त्यांना काही बोलू नका. ते म्हणतील मी चुगली केली. पण काहीतरी करा.

तुमची,
रीमा


कामतघर
११ मार्च २०२५

देवेश,

रीमाने विनवलंय की बोलू नका. म्हणून बोलत नाही, लिहिते.

गच्चीवर जाऊन ओढतोस, तेव्हा तुला वाटतं तू शांत आहेस. काकाही असेच शांत होते. मालकाने पगार थकवला, शांत. छातीत कळ आली, शांत. विडी पेटवायचे आणि सगळं गिळायचे. मी आयुष्यभर त्या शांतपणाशी भांडले आणि हरले. दुसऱ्यांदा हरायची माझी तयारी नाही, आणि आता वय पाहता तेवढा वेळही नाही.

येत्या रविवारी सकाळी बॅग घेऊन काल्हेरला येते आहे. सर्जन तारीख देईपर्यंत राहीन. रीमाला सांग, मला खालची खोली नको. गच्चीच्या दारात खाट टाक. डॉक्टर पूर्वाने सोडण्यासाठी गोळ्या दिल्यात त्या वेळेवर घ्यायच्या. आणि गोळी पुरत नाही असं वाटलं, हात खिशाकडे गेला, की सरळ माझ्यासमोर यायचं आणि माझ्याशी भांडायचं. विषय तू निवड. जमिनीची वाटणी, माझं तोंड, तुझ्या लग्नात मी नारळ कमी आणले होते ते, काहीही. ओरड. शिव्या घाल. एका सिगारेटमागे एक भांडण. भांडण करायला माणूस कमी पडणार नाही याची खात्री मी देते.

व्हिडिओचा फोन रविवारपासून माझ्याकडे.

आत्या


काल्हेर
२ मे २०२५

प्रिय आत्या,

टाके निघाले. फुप्फुसाचा एक तुकडा मुंबईला राहिला, बाकी देवेश घरी आला. डॉक्टर म्हणाले, कडा स्वच्छ आहेत, बाजूच्या रसग्रंथींत काही उतरलेलं नाही. आता सहा-सहा महिन्यांनी स्कॅन. फोनवर तुला रिपोर्ट सांगितला तेव्हा तू नुसतं "हं" म्हणालीस आणि ठेवलास. म्हणून कागदावर लिहितो. कागदावर तुला काही ठेवून देता येत नाही.

तू गेल्यापासून घर फार गप्प वाटतं. मजूर विचारतात, "सेठ, वो बडी अम्मा चली गयी क्या? अब आवाज नहीं आता." त्या चार आठवड्यांत मी तुला काय काय म्हटलं ते आठवलं की अंगावर काटा येतो. "म्हातारे, तू मरत का न्हाय?" असंही म्हटलं होतं ना? आणि तू खाटेवर बसून म्हणालीस, "आधी तुझा नंबर आहे, मी रांग मोडत नाही." खाली रीमा जिन्यात बसून हसत हसत रडत होती.

पहिल्या आठवड्यात मी वॉचमनवर ओरडलो, टीव्हीचा रिमोट भिंतीवर फेकला, भाविकला नको ते बोललो. मला कळेना, हा माणूस कोण? मी तर शांत ना? तेव्हा कळलं, माझा शांतपणा पाकिटात होता. काही झालं की एक काढायची, पेटवायची. गोडाऊन जळत होतं तेव्हा मी चहा पीत होतो हे सगळ्यांना माहीत आहे. चहाबरोबर अख्खं पाकीट संपवलं होतं, हे तुला लिहिलं नव्हतं.

आता खरं सांगतो. पहिलं रक्त डिसेंबरमध्ये पडलं. ठाण्याला जाताना, गाडीत. मी घाबरलो. इतका घाबरलो की त्याच रात्री मोबाईलवर शोधत बसलो, सिगारेट ओढूनही न मरणारी माणसं असतात का. तेव्हा ते सर सापडले. स्वभाव शांत असला की काही होत नाही, असं कुणीतरी मोठ्या आवाजात सांगत होतं. मी ते ताईतासारखं गळ्यात बांधलं. हळदीत माईकवर बोललो ते तुला नाही, मलाच सांगत होतो. तुझा आणि काकांचा बळी दिला फक्त, कारण तुम्ही समोर होतात. आणि तुझ्या हातात ताट होतं.

आणखी एक. मी सतरा-अठरा वर्षांचा असताना सुट्टीत तुमच्याकडे राहायचो. एकदा तू ड्युटीवर गेली होतीस, काका ओट्यावर विडी ओढत होते. मी विचारलं, "काका, आत्या एवढी ओरडते, तुम्हाला राग येत न्हाय?" ते हसले. म्हणाले, "अरे, ती वरडते म्हनून दिवसाला दोन बंडलांवर थांबतो. न्हायतर चार झाली असती. ती तलावात टाकते ना, तेवढीच माझ्या पोटात जात न्हाईत. तिचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं, पन मला जमलं न्हाय."

हे मी कुणाला सांगितलं नाही. तेराव्याला तुझी सासू बोलली तेव्हा मी तिथेच उभा होतो. तेव्हा सांगायला हवं होतं.

क्षितिजाचं लग्न नोव्हेंबरमध्ये ठरतंय. हळद इथेच, ह्याच अंगणात.

माईक मी सांगून ठेवलाय.

देवेश


कामतघर
२४ नोव्हेंबर २०२५

चि. देवेश,

शनिवार, दिनांक २२ नोव्हेंबर २०२५ रोजी संध्याकाळी सात वाजून पस्तीस मिनिटांनी, काल्हेरला तुझ्याच अंगणात, क्षितिजाच्या हळदीच्या मांडवात जे घडलं, त्याचीही नोंद रीतसर व्हायला हवी. कामतघरच्या बायका दोन दिवस दुसरं बोलत नाहीयेत, आणि बायका सांगताना बदल करतात.

तुळजाबाईंनी पहिला धवला म्हटला. मी ताट उचललं. मांडवातली म्हातारी मंडळी माना उंच करून बघू लागली, कारण वर लाल रुमाल झाकलेला होता. मी रीतीप्रमाणे पहिल्यांदा तुळजाबाईंसमोर गेले आणि रुमाल काढला. खजूर, खडीसाखर, भाजलेली बडीशेप आणि पान. तुळजाबाईंनी ताटात बोट घालून शोधलं. "अगो, विडी कुठं हाय?" मी म्हटलं, "बंद झाली." मला वाटलं आता धवला थांबतो आणि लग्नही. मग तिने खडीसाखरेचे चार खडे तोंडात टाकले आणि म्हणाली, "बरं झालं. त्या विडीनं माझा वरचा सूर गेला, पन मान म्हनून नको म्हनता येत न्हवतं." आणि देवेश, दुसरा धवला तिने असा लावला की डीजेवाल्या पोराने आपला आवाज आपण होऊन बंद केला!

म्हाताऱ्या मंडळींतले नामाकाका कुरकुरले, "विडीशिवाय हळद? काय हे?" त्यांना मी सांगितलं, "गेटच्या बाहेर रस्ता आहे, आणि रस्त्यापलीकडे टपरी." ते उठले, दोन पावलं गेले, परत येऊन बसले आणि त्यांनी खजूर मागितला. हे माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

मग मी तुझ्यासमोर आले. तुझ्या खिशात पांढरा रुमाल होता. मी ती साडी नेसले होते. तू ते पाहिलंस, मी ते पाहिलं. बोलायची गरज नव्हती, पण तू माईक घेतलास.

तू जे बोललास ते मी इथे लिहून ठेवते. "मंडळी, फेब्रुवारीत ह्याच जागी मी खोटं बोललो होतो. पंढरीकाका माझ्या आत्याच्या तोंडानं गेले न्हाईत. विडीनं गेले. ते स्वतः मला सांगून गेलेत की आत्या ओरडली म्हणून दोन बंडलांवर थांबलो. हे मी तेव्हा सांगितलं न्हाय, आज सांगतो. मला पण सिगारेटनं कॅन्सर झाला होता. ज्याला वाटतं आपला स्वभाव शांत हाय, आपल्याला काय होत न्हाय, त्यानं उद्या सकाळी मला भेटावं, मी टाके दाखवतो."

मग मागच्या रांगेतून माझ्या सासरची कुणीतरी, नाव लिहीत नाही, उठली, तिने हळदीच्या वाटीतली हळद उचलली आणि नवरीमुलीच्या आधी माझ्या गालाला लावली. एकोणीस वर्षं मला कुणी हळद लावली नव्हती. विधवेला लावत नाहीत. तिच्यामागून दुसरी आली, मग रीमा, मग मी मोजायचं सोडून दिलं. अजून कानामागे पिवळं आहे, दोनदा साबण लावला तरी निघत नाही. निघू नये असा माझा काही हट्ट नाही, फक्त वस्तुस्थिती लिहिते आहे.

इथपर्यंत सगळं माझ्या मनासारखं झालं. यापुढे तक्रार.

सात वाजून बेचाळीस मिनिटांनी, सगळं नीट पार पडल्यावर, लोक डोळे पुसत असताना, तू माईक पुन्हा तोंडाला लावलास आणि म्हणालास, "आज मी जिवंत हाय तो आत्याच्या तापट स्वभावामुळं! असा स्वभाव सगळ्यांना मिळो!" आणि त्या पोराने पुन्हा ढोलाचा ठोका वाजवला.

देवेश, तू काही शिकलास की नाही? नऊ महिने मी काय घसा फोडत होते? स्वभावाने पंढरी गेला नाही, तसा स्वभावाने तू वाचलाही नाहीस. तू वाचलास स्कॅनने, सुईने, सर्जनच्या सुरीने, पूर्वाच्या गोळ्यांनी आणि सिगारेट सोडल्याने. स्वभावाने एवढंच केलं की तुला शुक्रवारी दहा वाजता दवाखान्याच्या दारात नेऊन उभं केलं, आणि तेवढं काम कुठल्याही रिक्षावाल्याने केलं असतं. तू जे बोललास ते ऐकून आता वडप्यापर्यंतची प्रत्येक सून घरी जाऊन नवऱ्यावर नुसती ओरडेल आणि त्याला छातीच्या डॉक्टरकडे नेणार नाही. ते माझ्या माथी येईल. एक आळ उतरायला एकोणीस वर्षं गेली. दुसरा, कौतुकाचा का असेना, मी अंगावर घेणार नाही.

तेव्हा दुरुस्ती हवी. कागदावर, तुझ्या अक्षरात, क्षितिजाकडून टाइप करून नव्हे. वाचलास तो कशाने वाचलास ते क्रमाने लिही, माझं नाव शेवटी घाल. ते मी आमच्या महिला मंडळाच्या फळ्यावर लावणार आहे. त्याखाली पुढच्या स्कॅनची तारीख लिही, "बघू", "एप्रिलच्या आसपास" असलं काही चालणार नाही.

लेखी उत्तर रविवार, दिनांक ३० नोव्हेंबर २०२५, संध्याकाळी पाच वाजेपर्यंत कामतघरला पोचलं पाहिजे. पाच वाजून एक मिनिटाने मी बॅग घेऊन काल्हेरच्या रिक्षात बसलेली असेन, आणि गच्चीच्या दारातली खाट अजून तिथेच आहे हे मला रीमाकडून कळलेलं आहे.

तुझी आत्या,
कमळा